कोल्ड रूमचे निरोप

१

दसऱ्याच्या सकाळी विरुपाक्षअप्पा बिराजदारांच्या औषधांच्या होलसेल दुकानातला सगळा थंड माल मेला. कुत्रं चावल्यावरची लस, इन्सुलिन, लहान लेकरांचे डोस, सगळं कोल्ड रूममध्ये होतं, आणि कोल्ड रूम नावालाच कोल्ड उरली होती. माणूस कुणी मेलं नाही, एवढंच काय ते बरं.

मी विम्याची सर्व्हेयर. शिवकांता माळगे, मुक्काम तुळजापूर. कुणाचं जळलं, बुडालं, सडलं की जायचं आणि ते कुणाच्या चुकीनं झालं हे लिहून द्यायचं, हे माझं काम. ते करून करून मी विटले आहे. त्यात पौर्णिमा तोंडावर आलेली, कर्नाटकातून चालत येणाऱ्या भाविकांनी रस्ता भरून गेलेला. नळदुर्गापासून उमरग्यापर्यंत एसटी मुंगीच्या पावलानं आली. उतरले तेव्हा दोन्ही गुडघे बोलत होते. पटकन सही करून परतीची गाडी गाठायची, एवढाच विचार डोक्यात होता.

"शरणार्थी, बाई, शरणार्थी," अप्पांनी कपाळावरच्या भस्माला बोट लावून आम्हा लिंगायतांचा नमस्कार केला. "तुमी आपल्यातल्याच. लांबण न्हाय लावायचं. ह्यो बघा पुण्याचा कागद."

त्यांच्या कोल्ड रूमची नोंद पुण्याच्या एका कंपनीकडं जाते. दार उघडलं, गारवा किती आहे, भोंगा वाजला, कुणी तो गप्प केला, यातलं प्रत्येक काही घडलं की खोलीच्या पॅनेलमधून एक निरोप निघतो आणि दुकानातल्या एका छोट्या डब्यातून पुण्याच्या सर्व्हरवर पोचतो. त्या सर्व्हरनं काढून दिलेल्या कागदावर एकच ओळ होती. 'भोंगा बंद केला. दसरा, सकाळी नऊ.'

"नऊला दुकानात एकटी रोहिणी," अप्पा म्हणाले. "भोंगा वाजला, पोरीनं गप केला आन् बसली मोबाईल बघत. वर मलाच फोन, अप्पा, खोली तापलीय म्हणून. चोराच्या उलट्या बोंबा! चार वाजता जमादार येनार हायेत. तुमचा रिपोर्ट जोडला की तक्रार पक्की."

प्रकरण सरळ दिसत होतं. मी पेन काढलं. तेवढ्यात दारातून आवाज आला.

"मॅडम, सही करायच्या आधी एकदा मला विचारा. अजून कुणीच विचारलं न्हाय."

२

रोहिणी सरवदे. पंचविशीच्या आतबाहेरची, फार्मसी झालेली, केस घट्ट बांधलेले. डोळ्यांखाली काळं आलं होतं. पोरगी चार रात्री झोपली नसावी. आम्ही मागच्या खोलीत खोक्यांवर बसलो.

"तक्रार झाली तर तुझं काय होईल?" मी विचारलं. कामाची सुरुवात मी नेहमी तिथूनच करते.

"माझी झेडपीत औषध निर्माण अधिकारी म्हणून निवड झालीय. चारित्र्य पडताळणीचा कागद इथल्याच ठाण्यात पडलाय. आज गुन्हा नोंदला की तो कागद संपला. परत जागा कधी निघतील, कुणाला माहीत." रडली नाही ती. रडून झालेलं असावं.

"दसऱ्याला ड्यूटी तुझ्याकडं कशी?"

"सगळ्यांना सण होता, मॅडम. सण मलाबी होता. आमचे लोक नागपूरला दीक्षाभूमीवर जातात त्या दिवशी. घरचे सगळे गेले. मी म्हणलं, शेवटचाच महिना हाय इथला, कशाला वाईट व्हायचं."

"आल्यावर काय केलंस? क्रमानं सांग."

"कुलूप काढलं. आत आले तर डब्याची हिरवी लाइट बंद. डब्याला हळद-कुंकू लावलेलं, वर पांढरी शेवंती. बटणच बंद होतं. म्हणलं, खंडेनवमीची पूजा केलेली दिसतीय. फूल नीट उचलून बाजूला ठेवलं, कुंकू तसंच राहू दिलं. दुसऱ्याच्या श्रद्धेला मी कशाला हात लावू? आन् बटण चालू केलं. मग कोल्ड रूमकडं गेले. दार लागलेलं, भोंगा गप, आन् आकडा सतराचा. आठच्या वर जायला न्हाय पाहिजे. लगेच अप्पांना फोन लावला."

"भोंगा तू बंद केलास?"

"न्हाय. तो आधीच बंद होता."

"हे अप्पांना सांगितलंस?"

ती थकलेलं हसली. "सांगितलं की. अप्पा म्हणाले, डबा बंद असताना निरोप जाईल कसा? म्हंजे तू डबा लावला, त्याच्यानंतरच भोंगा बंद झाला. आन् तवा दुकानात तुझ्याबिगर कोण व्हतं?" तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "मॅडम, खरं सांगू? ह्याचं उत्तर माझ्याकडं न्हाय. मी भोंग्याला हात लावला न्हाय, एवढंच मला माहीत."

अप्पांचा हिशेब बिनतोड होता. डबा लावला तिनं, निरोप गेला त्यानंतर, आणि दुकानात होती ती एकटी. पोरीनं स्वतःच्या हातानं बटण दाबून स्वतःचा गळा अडकवून घेतला होता.

३

कोल्ड रूम दाखवायला अप्पांचा मुलगा नंदीश आला. गोरा, गुटगुटीत, बोलायला गोड. खंडेनवमीला दुकान त्याच्या ताब्यात होतं.

"संध्याकाळी कुलूप लावून गेलो तवा सगळं ओके होतं, मॅडम. आकडा चारचा. दार फिट्ट."

"किल्ली?"

"एक माझ्याकडं, एक रोहिणीकडं. रोहिणी आदल्या दिवशी आलीच न्हवती."

खोली रिकामी केलेली होती. मी आत गेले. बरणीतल्या लोणच्याकडं बघावं तसं मी अशा खोल्यांकडं बघते, आधी वास आणि मग तळ. औषधांच्या खोलीला खरं तर काहीच वास नसतो. इथं होता, मंद, ओलसर. कोपऱ्यात पाणी जायच्या जाळीशी वाकायला गुडघ्यांनी नकार दिला, तरी वाकले. जाळीच्या फटीत नारिंगी काहीतरी चिकटलं होतं. चिमटीत धरून काढलं. झेंडूच्या पाकळ्या, सुकून काळपट पडलेल्या.

"ही फुलं कसली?"

"खंडेनवमीची, दुसरी कसली?" नंदीश पटकन म्हणाला. "आज्जीनं पूजा केली ना. आमच्याकडं सगळ्या यंत्रांची करतात."

बरोबरच होतं. आमच्याकडंही करतात. माझे वडील त्या दिवशी अडकित्तासुद्धा पाटावर मांडायचे. मी पाकळ्या रुमालात बांधल्या आणि विचारलं, "भोंगा नऊला बंद झाला म्हणता आणि रोहिणीचा फोन सव्वानऊला आला, असं अप्पांचा मोबाईल सांगतो. पंधरा मिनिटांत खोली चारवरून सतरावर जाते?"

नंदीशनं खांदे उडवले. "दार उघडं टाकलं असंल. आपण काय सांगणार? निरोप पुण्याला नऊला पोचलाय, एवढं खरं."

तो 'पोचलाय' म्हणाला. बाकी सगळे 'झालंय' म्हणत होते. तेव्हा मी त्याकडं लक्ष दिलं नाही. भूक लागली होती आणि पाठ दुखत होती.

४

चहा घेऊन लक्ष्मम्मा आल्या. अप्पांच्या आई. पांढरं इरकल, गळ्यात लिंगाची चांदीची करंडी, कमरेत वाकलेल्या. घर दुकानाच्या मागंच, त्यामुळं त्यांचा वावर इथं राणीसारखा.

"घे यव्वा. चेहरा बघ कसा उतरलाय तुझा. तुळजापूरचं माणूस, देवीच्या पायथ्याचं, आन् उन्हातान्हात असं हिंडतंय."

"पोटासाठी, अम्मा. खंडेनवमीची पूजा तुम्हीच केली ना? छान केलीत. डब्याला अजून कुंकू आहे."

म्हातारी खुलली. "मीच करते दर साली. लोखंड असू दे, न्हायतर वायर असू दे, वर्षभर राबतंय ना? त्या दिशी त्येला पुसायचं, पूजायचं आन् निजवायचं. दसऱ्याच्या सकाळपातूर हात न्हाय लावायचा. ती थंड खोली काय बंद करता येत न्हाय, इरुपाक्ष वरडतो. मग म्या म्हणलं, ह्या बारक्या डब्याला तरी इसावा देऊ. रातदिस डोळा मिचकावतंय लेकरू. दुपारी बाराला पूजा केली आन् बटण बंद केलं."

मी चहाचा कप खाली ठेवला. बारापासून डबा झोपला होता, आणि हे अम्मांना कुणी विचारलंच नव्हतं.

"आणि कोल्ड रूममध्ये झेंडू कुठं वाहिलात?"

"झेंडू? कुठला झेंडू?" त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "नंदीशला सकाळी सांगितलं व्हतं, झेंडू आण म्हणून. फुलंच आणतो म्हणून गेला, त्यो संध्याकाळीच उगवला. म्या आपली परसातली शेवंती वाहिली. आन् त्या खोलीत म्या पाय ठेवत न्हाय, यव्वा. सांधे धरत्यात माजे."

रुमालातल्या पाकळ्या माझ्या पिशवीत होत्या. पूजेचं फूल पांढरं होतं. मग जाळीतलं नारिंगी फूल आलं कुठून?

५

उत्तर अर्धंच होतं. फुलं कुणीतरी आत ठेवली, हे खरं. पण भोंगा नऊ वाजता बंद झाला, हा कागद अजून माझ्या छातीवर बसला होता. मी पुण्याला फोन लावला. तिकडं सुरज नावाचा मुलगा होता, आवाजावरून माझ्याइतकाच दमलेला.

"मॅडम, रिपोर्ट पाठवलाय ना आम्ही."

"एका ओळीचा. मला सांग, हा डबा बंद असताना कोल्ड रूममध्ये काही घडलं, तर त्याचा निरोप कुठं जातो?"

"कुठंच नाही. थांबतो."

"थांबतो म्हणजे?"

"निरोप डबा तयार करत नाही, मॅडम. तो पॅनेल तयार करतो. डबा नुसता पोस्टमन आहे. पोस्टमन नसला तर निरोप पॅनेलमध्येच रांगेत उभे राहतात, एकामागं एक. डबा चालू झाला की पहिला आलेला पहिला सुटतो, मग दुसरा. रांग मोडत नाही आणि एकही निरोप हरवत नाही. त्यासाठीच तर ती रांग ठेवलीय."

माझी झोप उडाली. "आणि वेळ? कागदावर वेळ कुणाची असते?"

"सर्व्हरची. निरोप पोचल्याची. त्या पॅनेलला स्वतःचं घड्याळ नाही. साधं मॉडेल आहे."

"म्हणजे निरोप केव्हा निघाला, हे तुम्हालाही माहीत नाही."

"...नाही."

मला राग आला. खरंच आला. एका पोरीचं आयुष्य ज्या ओळीवर टांगलं होतं, ती ओळ फक्त पोचपावती होती, आणि ते कुणी लिहिलं नव्हतं, सांगितलं नव्हतं. पण रागावून गाडी मिळत नाही.

"सुरज, त्या सकाळचे सगळेच निरोप वाचून दाखव. भोंग्याच्या पुढचे आणि मागचे."

कीबोर्ड बडवल्याचा आवाज आला. "आदल्या दिवशी दुपारी बारानंतर एकही निरोप नाही. मग दसऱ्याला नऊच्या ठोक्याला एकदम झुंबड आहे. सगळे एकाच मिनिटातले."

"तापमानाचा निरोप किती वेळानं निघतो?"

"तासाला एक. काही घडो न घडो."

बाई तुळजापूरची असली की रांग तिला शिकवावी लागत नाही. दर्शनाचा दरवाजा उघडतो तेव्हा सगळ्यांना आत शिरल्याची वेळ एकच मिळते. पण कोण केव्हापासून उभं आहे, हे त्याच्यामागं किती माणसं लागली त्यावरून कळतं.

"भोंगा बंद केल्याच्या निरोपामागं रांगेत तापमानाचे किती निरोप उभे आहेत, ते मोज," मी म्हणाले.

तो मोजत राहिला. मग त्याचा आवाज बदलला. "मॅडम... पंधरा."

६

चारला जमादार आले. अप्पांनी तक्रार लिहून ठेवली होती. नंदीश काउंटरला टेकून उभा होता, रोहिणी दाराशी, लक्ष्मम्मा खुर्चीत. मी उभ्यानंच बोलले, कारण एकदा बसले असते तर उठवलं नसतं.

"अप्पा, तुमचा हिशेब असा की डबा लागल्यावर निरोप गेला, म्हणून काम त्यानंतर झालं. तो चुकलाय. डबा बंद होता तेव्हा निरोप मेले नाहीत. ते आत रांगेत उभे होते. रोहिणीनं बटण दाबलं आणि आदल्या दुपारपासून तुंबलेले सगळे एका मिनिटात पुण्याला पोचले. सगळ्यांवर शिक्का एकच, नऊचा."

"हे तुमी म्हणता," अप्पा म्हणाले.

"हे रांग म्हणते. तासाला तापमानाचा एक निरोप निघतो. त्या झुंबडीत आधी सहा निरोप आहेत, सगळे चार डिग्रीचे. अम्मांनी बाराला डबा निजवला, तिथून सहा तास. मग 'दार उघडलं'. मग 'भोंगा वाजला'. मग 'भोंगा बंद केला'. आणि त्याच्यामागं तापमानाचे पंधरा, सहापासून सतरापर्यंत चढत गेलेले. सकाळी नऊपासून पंधरा तास मागं जा, अप्पा. खंडेनवमीची संध्याकाळ येते, सहाची. बारापासून मोजा नाहीतर नऊपासून, दोन्हीकडून तिथंच पोचता."

जमादारांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"त्या संध्याकाळी किल्ली कुणाकडं होती, हे मी सांगायला नको," मी रुमाल सोडला. "आणि ह्या पाकळ्या कोल्ड रूमच्या जाळीतल्या. अम्मांनी शेवंती वाहिली होती. नंदीश, झेंडू कुणाचा?"

नंदीशनं आजीकडं पाहिलं, बापाकडं नाही.

"दसऱ्याच्या बाजारात फुलांचा स्टॉल टाकला होता," तो अखेर म्हणाला. "मी आन् माझा दोस्त. उन्हानं फुलं मलूल पडायलेली. म्हणलं, एका रात्रीचा प्रश्न हाय. क्रेट आत ठेवले तर दार पुरतं लागंना. भोंगा कोकलायला लागला, तो गप केला. डबा तर आज्जीनं बंदच केलेला. मला वाटलं, डबा झोपलाय, आता कुणाला काय कळणार? पहाटे क्रेट काढले, दार लावलं. परत गार होईल म्हणलं, पण रातभर ओढून मशीनच बसलं असंल."

"आणि रोहिणीवर आळ आला तेव्हा?"

"तवा... निरोप नऊला पोचला म्हणून पुण्यानंच सांगितलं. त्यात मी काय खोटं बोललो न्हाय."

नाही. तो फक्त 'पोचलाय' म्हणाला होता; 'दार फिट्ट' हे खोटं वेगळं. इतक्या गोड शब्दांत माणूस दुसऱ्याला बुडवू शकतो, हे बघून मला शिसारी आली.

अप्पा एकदम म्हातारे दिसायला लागले. ते मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "बाई, लेकरू हाय. तुमी आपल्यातल्या. नजरचूक लिवा. कुणाचं नाव न्हाय, गाव न्हाय. माल तर बुडालाच, विमा बी जाईल."

"अप्पा, सकाळी नाव लिहायची घाई तुम्हालाच होती," मी म्हणाले.

उत्तर त्यांना आईकडून मिळालं. लक्ष्मम्मा काठी टेकत उठल्या, नातवाजवळून गेल्या आणि जमादारांसमोर उभ्या राहिल्या.

"फौजदारसाहेब, त्यो कागद फाडा. पोरीनं काय केलं न्हाय. तिच्या नोकरीचा कागद तुमच्याकडं हाय म्हणं. त्येच्यावर इरुपाक्षाकडनं लिवून घ्या, पोरगी चांगली हाय म्हणून. माज्या म्होरं घ्या." मग रोहिणीकडं वळून, "यव्वा, म्या इसावा द्यायला गेले आन् तुज्या जिवाला घोर लावला. माफ कर मला."

रोहिणीनं म्हातारीचे जोडलेले हात खाली केले. "तुमी न्हाय, अम्मा," एवढंच म्हणाली. बाकी कुणाकडं तिनं पाहिलं नाही.

अप्पांनी तक्रार फाडली आणि जमादारांनी सांगितलं तसं लिहून दिलं. मी माझा रिपोर्ट लिहिला. त्यात झेंडू आहे, नंदीश आहे, पंधरा निरोप आहेत. विमा मिळणार नाही, हे अप्पांना न वाचताच कळलं होतं.

रोहिणीनं काउंटरवर किल्ली ठेवली. ती जिंकली होती, पण चेहऱ्यावर आनंदाचा मागमूस नव्हता. "घरच्यांनी नागपूरहून बुद्धाची लहान मूर्ती आणलीय माझ्यासाठी," ती मला म्हणाली. "दोन दिवस झाले, मी अजून कागदातनं सोडून बघितली न्हाय. बघायला तोंडच न्हवतं."

"आता बघ," मी म्हणाले.

आम्ही दोघी दाराशी आलो आणि ती थबकली. डब्याची हिरवी लाइट पुन्हा बंद होती. मघाच्या गोंधळात कुणाचा तरी धक्का लागून बटण पडलं असावं, किंवा नंदीशनंच पाडलं असावं. आता मला शोधायचं नव्हतं. माझी गाडी पावणेपाचला होती.

"सोड गं," मी म्हणाले. "तुझं काय राहिलंय इथं? आणि बटण दाबूनच तर फसलीस."

ती परत आत गेली. कुंकवाला धक्का न लावता तिनं बटण दाबलं आणि लाइट लुकलुकायला लागेपर्यंत थांबली.

"राहू दे चालू, मॅडम," ती म्हणाली. "न्हायतर आत्ताचे निरोप उद्या अजून कुणाच्यातरी नावावर पोचायचे."